विल्सनचा शिक्का असलेला चाकू: फर व्यापारातला की नंतरच्या खाटिकखान्यातला?

पुढे वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. कॅनडातील विनिपेगमधील जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने तुमच्यासाठी एक चाकू बाजूला काढून ठेवला आहे. पाते सुमारे सात इंचांचे आहे, लाकडी मुठीत पाच पितळी पिना आहेत, पात्यावर ‘आय. विल्सन’ हे नाव, त्याशेजारी चार ठिपके आणि पत्त्यांतल्या चौकटसारखी एक खूण, खाली ‘शेफील्ड’ आणि त्याखाली एक पुसट ओळ आहे, जी तुम्हाला वाचता आलेली नाही. विक्रेता त्याला १७८० च्या सुमाराचा, फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीने विकलेला ‘स्काल्पिंग’ (शब्दशः, शत्रूच्या डोक्याची केसांसह कातडी सोलण्याचा) चाकू म्हणतो आणि किंमतही त्याच हिशेबाने सांगतो. फेस्टिव्हल द्यू व्हॉयाजर या तिथल्या हिवाळी उत्सवाच्या दिवसांत तुम्ही फोर्ट जिब्राल्टर या फर व्यापाराच्या ठाण्याच्या प्रतिकृतीत जुन्या पोशाखात स्वयंसेवक म्हणून काम करता आणि हा चाकू घासूनपुसून तिथे कमरेला लावण्याचा तुमचा विचार आहे. चाकू खरा की नक्कल, तो वापरता येईल का, आणि नक्कलच घ्यायची झाली तर कोणती घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे.

मी धातूच्या जुन्या वस्तूंच्या जतनाचे काम करते आणि सवड मिळेल तेव्हा जुन्या नमुन्यांवरून चाकूही घडवते. त्यामुळे असे चाकू माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतात. माझ्या मते तुमची खरी अडचण ‘खरा की नक्कल’ ही नाही. बाजारात दिसणाऱ्या या जातीच्या चाकूंपैकी पुष्कळसे तिसऱ्याच गटात मोडतात: चाकू अस्सल, शेफील्डचाच, शंभर वर्षांहून जुना, पण फर व्यापाराशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तो कोणा खाटकाचा किंवा शेतघरातील स्वयंपाकघराचा सुरा असतो. अशा वेळी विक्रेता खोटी वस्तू विकत नसतो, तो खऱ्या वस्तूला खोटी हकीकत जोडून विकत असतो. नक्कल ओळखणे त्यामानाने सोपे आहे, या मधल्या गटातला चाकू ओळखणे अवघड.

शिक्क्यापासून सुरुवात करू, कारण विक्रेत्याचा सगळा भर त्यावर आहे. ते चार ठिपके म्हणजे मिरीचे दाणे. मिरीचे दाणे आणि चौकट ही शेफील्डच्या जॉन विल्सन घराण्याची खूण, आणि ‘आय’ हे अक्षर तिथे जुन्या रिवाजाप्रमाणे जॉनमधील ‘जे’साठी आहे. या पेढीचे सुरे १८व्या शतकाच्या उत्तरार्धापासून उत्तर अमेरिकेत जात होते आणि मिसूरी नदीच्या खोऱ्यात व रॉकी पर्वतांच्या भागात त्यांना चांगलीच मागणी होती, हे खरे आहे. परंतु शेफील्डमध्ये खूण ही मालमत्ता असे. तिथल्या कटलर्स कंपनीकडे, म्हणजे १६२४ साली स्थापन झालेल्या चाकूकारांच्या संघाकडे, ती नोंदवली जाई, वारशाने पुढे जाई, विकलीही जाई. विल्सनची खूण २०व्या शतकातही पात्यांवर उमटत होती. म्हणून शिक्का आपल्याला फार तर ‘याच्या आधीचा नाही’ एवढे सांगतो. ‘याच्या नंतरचा नाही’ हे तो कधीच सांगत नाही. शिवाय आजचे काही कारागीरही नकलांवर हाच शिक्का मारतात, ते निराळेच.

आता ती पुसट ओळ. तुमच्या चाकूवरील सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. अंधाऱ्या खोलीत पाते आडवे ठेवा आणि मोबाइलचा दिवा पात्याच्या जवळजवळ समपातळीत धरून हळूहळू फिरवा. समोरून प्रकाश टाकला तर अक्षरे दिसत नाहीत, तिरप्या प्रकाशात त्यांच्या कडांची सावली पडते आणि ती वाचता येतात. तिथे ‘इंग्लंड’ असे निघाले, तर १७८० हे साल विसरून जा. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले आयातकर कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले, आणि १८९१ पासून इंग्रज कारखानदार निर्यातीच्या पात्यांवर ते घालू लागले. ‘कास्ट स्टील’ निघाले तर उत्तर इतके सरळ नाही. बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकजीव पोलाद काढण्याची रीत १७४० च्या दशकात बसवली होती, पण हे शब्द १९व्या शतकातील असंख्य पात्यांवर आढळतात. आणि ‘इंग्लंड’ नसले, तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तो कायदा अमेरिकेचा होता, आणि कॅनडात थेट आलेल्या मालावर देशाचे नाव असलेच पाहिजे असे नव्हते. तुम्ही विनिपेगमध्ये आहात, त्यामुळे हा फरक तुमच्या बाबतीत महत्त्वाचा आहे.

शिक्का बाजूला ठेवला की उरतो तो चाकूचा देह. त्याकडे कसे पाहायचे हे कळण्यासाठी त्या काळी हा माल काय होता हे ध्यानात घेतले पाहिजे. हडसन्स बे कंपनीला सनद मिळाली १६७० मध्ये. तिची जहाजे उन्हाळ्यात लंडनहून हडसन उपसागरावरील ठाण्यांवर माल आणत. तिची प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनी मॉन्ट्रियलहून भूर्जाच्या सालीच्या होड्यांतून माल आत नेई. प्रत्येक गठ्ठा सुमारे ९० पौंडांचा बांधलेला असे, कारण दोन जलमार्गांमधील जमिनीवरून तो माणसाच्या पाठीवरून न्यावा लागे. १८२१ मध्ये या दोन कंपन्या एक झाल्या. या सगळ्या व्यवहाराचे माप होते बीव्हरचे एक उत्तम कातडे, ज्याला ‘मेड बीव्हर’ म्हणत. बंदूक घ्यायची तर अशी कितीतरी कातडी मोजावी लागत, आणि एका कातड्याला मात्र अनेक चाकू येत. चाकू डझनाने आणि ग्रोसने, म्हणजे बारा-बारा डझनांनी, मागवले जात. ‘स्काल्पिंग’ हे कंपन्यांच्या यादीतील एका स्वस्त, पातळ पात्याच्या सुऱ्याचे नाव होते. त्याने मांस कापत, कातडी सोलत, दोर तोडत, लाकूड तासत. आजचे विक्रेते त्या नावातील थराराचे पैसे वेगळे लावतात, ते देऊ नका.

माल स्वस्त होता म्हणून गिऱ्हाईक काहीही घेत असे, असेही नाही. क्री आणि ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवासी जमातींचे गिऱ्हाईक पाते हातात घेऊन पारखत, नापसंत माल परत टाकत, आणि शेजारी दुसऱ्या कंपनीचे ठाणे असेल तर तिकडे जात. ठाण्यांवरील अधिकारी अशा तक्रारी लंडनला कळवत आणि पुढच्या मागणीत सुधारणा सुचवत. हा पत्रव्यवहार तुमच्याच शहरात, मॅनिटोबाच्या अभिलेखागारात कंपनीच्या दप्तरात जपलेला आहे. विक्रेत्याशी घासाघीस करण्याआधी एक दुपार तिथे आणि एक मॅनिटोबा म्युझियममधील कंपनीच्या संग्रहासमोर घालवा, असे मी आग्रहाने सांगेन.

असा चाकू झिजेपर्यंत वापरला जाई. आधी धार लावून लावून पाते अरुंद होई, मग मोडलेल्या तुकड्याचे काही ना काही केले जाई. होड्या आणि बर्फावर चालण्याच्या जाळीदार चौकटी बनवणारे कारागीर एका हाताने आपल्याकडे ओढून वापरायचा वाकडा चाकू करत. त्यासाठी जुनी कानस किंवा जुन्या चाकूचे पाते तापवून वाकवले जाई. म्हणून १८व्या शतकातील व्यापारी चाकू आज सापडतो तो बहुधा ठाण्याच्या उत्खननात किंवा नदीच्या तळाशी, आणि तोही गंजून अर्धा झालेला. पूर्ण रुंदीचे पाते, घट्ट मूठ आणि सगळ्या पिना जागेवर अशा अवस्थेतील चाकू कोणी १७८० चा म्हणून दाखवला, तर मला आनंदाआधी शंका येते. अशी वस्तू असूच शकत नाही असे नाही, पण मग ती इतकी वर्षे कोणाकडे आणि कशी राहिली याचा कागद लागतो. तो तुमच्या विक्रेत्याकडे आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही.

तुमच्या चाकूचे पाते टाचेजवळ, म्हणजे मुठीला लागून, किती रुंद आहे आणि मध्यावर किती, ते मोजा. टाचेजवळची अर्धाएक सेंटीमीटर जागा दगडावर नीट टेकत नाही, त्यामुळे तिथे मूळ रुंदी शिल्लक राहते आणि पुढे पाते आत गेलेले असते. हा खांदा खऱ्या वापराची खूण आहे. जुने दिसावे म्हणून आम्लात बुडवलेल्या नकलेत पाते टोकापर्यंत सारखे राहते आणि काळेपणाही सगळीकडे सारखाच चढतो. खऱ्या पात्यावर गंज पक्षपाती असतो. मूठ आणि पाते यांच्या सांध्यापाशी तो खोल जातो, बोटांचा घाम लागतो तिथे वेगळा दिसतो, आणि धारेजवळ घासून गेलेला असतो.

यानंतर भिंगाखाली गंजाच्या खड्ड्यांची दिशा पाहा. मुशीत न वितळवता केलेले जुने पोलाद घडीव लोखंडाच्या पट्ट्या कोळशात दिवसेंदिवस तापवून तयार होई, त्यामुळे मूळ लोखंडातील मळी त्यात तशीच राही आणि घडवताना पात्याच्या लांबीच्या दिशेने ताणली जाई. गंज त्या रेषा धरून आत शिरतो आणि पृष्ठभाग जुन्या लाकडाच्या रेषांसारखा दिसू लागतो. आजच्या कारखान्यातील लाटलेल्या पट्टीवर आम्लाने पाडलेले खड्डे गोल आणि विखुरलेले असतात. मात्र ‘कास्ट स्टील’मध्येही मळीच्या रेषा नसतात, तेव्हा रेषा दिसल्या तर ती जमेची बाजू धरावी, न दिसल्या तर निकाल देऊ नये.

मुठीवरूनही बरेच कळते. लाकूड आडव्या अंगाने आकसते, लोखंड आकसत नाही. त्यामुळे जिथे पात्याची पट्टी मुठीच्या शेवटपर्यंत गेलेली आहे, तिथे जुन्या चाकूत तिची कड लाकडाच्या किंचित वर आलेली नखाला जाणवते. नव्या मुठीत दोन्ही यंत्राच्या फिरत्या घासपट्ट्यावर एकत्रच घासून सपाट केलेले असतात. पिनांच्या भोवती लाकूड फुगून चिरले असेल, तर आतल्या गंजाने ते रेटले आहे. फटीतून पारदर्शक चकाकी दिसली, किंवा अतिनील दिव्याखाली निळसर उजळले, तर आत इपॉक्सी, म्हणजे आधुनिक गोंद, आहे. ती एखाद्याने केलेली नंतरची दुरुस्तीही असू शकते, पण मग विक्रेत्याने ते सांगायला हवे होते. पट्टी मुठीच्या टोकापर्यंत जाते की अर्ध्यातच संपते, हेही पाहा. फर व्यापारातील स्वस्त स्काल्पिंग चाकूंत ती बहुधा अर्ध्यातच संपे आणि दोन-तीन पिनांवर मूठ बसे. पाच पितळी पिना हे तुमचे वर्णन मला १९व्या शतकाच्या नंतरच्या काळातील खाटकाच्या सुऱ्याचे वाटते. छायाचित्र न पाहता एवढेच म्हणता येते, आणि हे मत बदलायला मी तयार आहे.

एखाद्या विद्यापीठातील किंवा संग्रहालयातील ओळखीने क्ष-किरण प्रतिदीप्तीचे, म्हणजे धातूत कोणती मूलद्रव्ये किती आहेत हे दाखवणारे, हातात धरायचे यंत्र मिळाले, तर मॅंगनीजचे प्रमाण पाहायला सांगा. आज चाकूंसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘१०८४’ या प्रतीच्या पोलादात मॅंगनीज ०.६ ते ०.९ टक्के असते, १८व्या शतकातील पोलादात ते अत्यल्प असते. पोलादात मुद्दाम मॅंगनीज घालण्याची पद्धत १८३९ नंतरची आहे. क्रोमियम भरपूर निघाले, तर पुढे बोलण्याचे कारणच नाही, कारण गंजरोधक पोलाद शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये काढले. कानस मारून कठीणपणा पाहणे किंवा साणेवर ठिणग्या पाहणे हे प्रकार मात्र जुन्या पात्यावर कृपा करून करू नका.

वापरण्याबद्दल माझे मत ठाम आहे. चाकू फर व्यापारातील निघाला तर तो कमरेला लावू नये, आणि खाटकाचा सुरा निघाला तर लावायला हरकत नाही, पण तो तुमच्या देखाव्याच्या काळाशी जुळणार नाही. दोन्ही बाबतींत तारेचा ब्रश, व्हिनेगर आणि गंज काढणारी बाजारू जेल टाळा. गंजाखाली दडलेला शिक्का त्यांत पहिल्यांदा जातो. मऊ ब्रशने धूळ काढा, सुटा गंज अगदी बारीक पोलादी लोकर हलक्या तेलात भिजवून हळूच पुसा, कापडाने कोरडे करा आणि सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर द्या. चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका, चामड्यातील आम्ल आणि ओल पात्याला खाते. जमिनीतून निघालेल्या लोखंडावर नारिंगी थेंब दिसले, तर आत क्षार आहेत. असा तुकडा सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली राहील अशा बंद डब्यात सिलिका जेलसह ठेवून जाणकाराकडे न्यावा लागतो. आणि ‘जमिनीतून काढलेला’ असे विक्रेता अभिमानाने सांगत असेल, तर कोणाच्या जमिनीतून आणि कोणत्या परवान्याने, हे विचारा. अमेरिकेत सरकारी जमिनीवरील बेकायदा उत्खननाविरुद्ध १९७९ चा आणि मूळ रहिवाशांच्या दफनवस्तूंसाठी १९९० चा कायदा आहे, कॅनडात प्रांतांचे वारसा कायदे आहेत. कबरीतील वस्तू विकत घेणे कायद्यापलीकडेही मला पटत नाही.

आता नकलेबद्दल, कारण तुम्हाला खरी गरज तिचीच आहे. नॉर्थ वेस्ट कंपनीचे मूळ फोर्ट जिब्राल्टर १८१० च्या सुमारास उभे राहिले, तेव्हा तुमचा देखावा त्या दशकाचा धरते. एवढ्याने बाजारातील निम्मा माल आपोआप गळतो. ‘ग्रीन रिव्हर’ नमुना नको. जॉन रसेलने मॅसॅच्युसेट्समधील ग्रीनफील्ड येथे सुरू केलेला तो कारखाना १८३० च्या दशकातला आहे, आणि १८२५ ते १८४० या, रॉकी पर्वतांत फर शिकारी आणि व्यापारी जमत त्या डोंगरी मेळाव्यांच्या काळातही बहुतेकांच्या हातात इंग्रजी पातीच होती. बोवी हा मोठ्या पात्याचा अमेरिकी चाकू नको, त्याचा बोलबाला १८२७ नंतरचा. लाटांसारखी नक्षी असलेले ‘दमास्कस’ तर नकोच. पाकिस्तानातील वजिराबादहून येणारे असे चाकू दिसायला देखणे असतात, पण क्री गिऱ्हाइकाने कातडे मोजून घेतलेला चाकू साधाच होता. हरणाच्या शिंगाची जाड मूठ आणि बोटे पात्यावर घसरू नयेत म्हणून लावलेली भक्कम पितळी आड हीही नंतरच्या कल्पनेची भर आहे. शिसवाची मूठ दिसली की माझा संशय आपल्याच देशाकडे जातो. भारतात होणाऱ्या नकला सगळ्याच वाईट असतात असे नाही, पण इंग्रज कारखानदार या स्वस्त मालाला बॉक्सवूड किंवा बीचसारखे लाकूड लावत.

मी स्वतः असा चाकू घडवते तेव्हा सहा ते सात इंचांचे पाते, पाठ सरळ, पोट किंचित गोल, जाडी मुठीपाशी दोन-अडीच मिलिमीटर आणि टोकाकडे कमी होत गेलेली ठेवते. पट्टी मुठीत अर्ध्यापर्यंत, लोखंडी पिना दोन्ही बाजूंनी ठोकून बसवलेल्या. पोलाद १०७५ किंवा १०८४. पाणी पाजल्यानंतर पाते थोडे मऊच ठेवते, कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ५५ ते ५७ च्या आसपास. आजचे बरेच कारागीर ६० चा अभिमान बाळगतात, पण विनिपेगच्या फेब्रुवारीत, उणे ३० अंशांत, गोठलेली गाठ उचकटताना पातळ आणि कडक पाते टोकाशी तुटते. मूळ चाकूही मऊच होते, कारण ठाण्यापासून दूर, हाताशी असलेल्या दगडावर धार लावता आली पाहिजे, ही गिऱ्हाइकाची पहिली अट होती. बाहेरच्या थंडीतून शेकोटीच्या खोलीत आलात की थंड पात्यावर तत्काळ दव धरते. तेव्हा चाकू कापडात गुंडाळलेला राहू द्या, खोलीइतका गरम झाला की उघडा आणि पुसा. चांगल्या नकलेवर कारागिराने स्वतःची खूण आणि साल टाकलेले असावे. मी ते मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर आणि पात्यावरही टाकते, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी ती १८१० ची म्हणून विकू नये.

तूर्त विक्रेत्याकडे परत जाऊन चार छायाचित्रे घ्या: तिरप्या प्रकाशातील शिक्का, मुठीच्या शेवटची कड, पिनांचे दोन्ही बाजूंचे डोके आणि मोजपट्टीशेजारी ठेवलेले संपूर्ण पाते. ती इथे टाकलीत तर मी अधिक नेमके सांगू शकेन. आणि १७८० हे साल बिलावर लिहून द्याल का, हे त्याला सहज विचारा. किंमत त्या सालाची सांगणारा माणूस ते साल लिहायला कां-कूं करू लागला, तर बोलणी खाटकाच्या जुन्या सुऱ्याच्या भावापासून सुरू करा.